इंग्रजीच्या भीतीने जिना

पांढऱ्या पट्टीची गुंडाळी उलगडली की मला जपानमधल्या उरायासु शहरातला भूकंपाचा सराव आठवतो. आमच्या मजल्यावरच्या जपानी आजी मला पाहिलं की लिफ्ट सोडून जिन्याने जायच्या. मीही त्यांना शिष्ट ठरवून मोकळी झाले होते. त्या सकाळी मैदानात ओल्या गवतावर कोणी काय व्हायचं याच्या चिठ्ठ्या काढल्या. मी खोटी खोटी जखमी ठरले आणि पट्टी बांधायला नेमक्या त्याच! आजींनी माझं डोकं असं गुंडाळलं की नुसतं नाक बाहेर राहिलं. मी जपानीत कळवळले, “आजी, डोळे तरी उघडे ठेवा हो!” त्या थबकल्या. “तुम्हाला जपानी येतं? अहो, मी इंग्रजीच्या भीतीने रोज सहा मजले चढतेय!” आम्ही दोघी पोट धरून हसलो. नव्या शेजाऱ्यांबद्दल मत बनवायची घाई मला अजूनही होते. पण हल्ली आधी जाऊन मी त्यांच्या दाराची बेल वाजवते.