सरळ लावलेल्या तारा

दातवाली कुठे राहते असं विचारलं, की त्या इमारतीतली शेंबडी पोरंसुद्धा तिसऱ्या मजल्याकडे बोट दाखवायची. तिचं खरं नाव लोकांनी केव्हाच टाकून दिलं होतं. ती कवळ्या बनवायची, एवढी ओळख पुरे होती. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे ठसे यायचे, ती त्यांत प्लास्टर ओतायची, मेणात एकेक दात रोवायची, मग गुलाबी हिरडी घडवून, घासून, चकचकीत करून डबीत भरायची. एकतीस वर्षं हेच. जिन्यात कुणी म्हातारं भेटलं तर आधी बोलायचं नाही, सरळ तोंडातून कवळी काढून हातावर ठेवायचं, "बघ गं, इथं टोचतंय." ही बिचारी हातातल्या भाजीच्या पिशवीसकट तिथेच उभी राहून बघायची. माणसाचा चेहरा तिला नंतर दिसायचा, जबडा आधी.

लग्न झालं होतं तिचं. ते चार वर्षांत आटोपलं आणि ती बापाकडे परत आली ती कायमची. आई होती तोवर घरात दोघी होत्या. आई गेली, दोन वर्षांनी बाबांचे डोळे गेले, आणि स्वयंपाकापासून औषधाच्या थेंबांपर्यंत सगळं हिच्या एकटीच्या गळ्यात पडलं. तिला त्रेपन्नावं चालू होतं. संध्याकाळी घरी आली की नाकातून प्लास्टरची पांढरी भुकटी निघायची, आणि कंबर म्हणायची, आता पुरे.

अशात भावाने विमान पाठवलं. हा धाकटा, लांबच्या शहरात राहणारा. बापाच्या वाढदिवसाला येणं जमत नाही म्हटल्यावर त्याने खोकं धाडलं. आत जुन्या काळचं, एकावर एक असे दोन पंख असलेलं विमान, प्लास्टिकचं, आणि तेही सुटं. चौकटींना चिकटलेले तीनशेच्या वर भाग, त्यांतले कित्येक तांदळाच्या दाण्याएवढे. झाकणावर ठळक लिहिलेलं, 'फक्त अनुभवी हातांसाठी'. ज्या माणसाला समोरचा पेला दिसत नाही त्याला जोडकामाचं खोकं! दातवालीने कपाळाला हात लावला आणि भावाला फोन केला.

"अगं, तू आहेस ना," तो म्हणाला. "तुझे हात असल्या बारीक कामात तयार. बाबा नुसते शेजारी बसतील."

"आणि तू?"

"मी फोन करून विचारत जाईन की कुठवर आलं."

उंटावरून शेळ्या हाकायच्या तर उंट तरी स्वतःचा असावा, पण ते त्याला कोण सांगणार. तिने फोन ठेवला. खोकं माळ्यावर टाकून द्यायचं तिच्या मनात पक्कं होतं. तेवढ्यात बाबांनी विचारलं, "चाकं किती? शेपटीखाली एक बारकं आहे का?"

आहे, म्हणाली ती.

"खांब मोज. दोन पंखांच्या मधले."

तिने मोजले. आठ. बाबांनी हात पुढे केला आणि खोकं मांडीवर घेऊन बसले, कितीतरी वेळ. हे तेच विमान होतं.

आता ती हकिगत सांगायलाच हवी, कारण त्या घराच्या भिंतींनासुद्धा ती पाठ होती. बाबा तरुणपणी विमानांचे मेकॅनिक होते. मोठ्या विमानतळावर वगैरे नाही हं. शेतांच्या कडेला एक लांबट मैदान, पत्र्याची शेड, आणि पिकांवर औषध फवारणारी अशी सहा जुनी विमानं. त्यांचा एक पायलट होता, सतत शीळ घालायचा म्हणून सगळे त्याला शिट्टी म्हणायचे. बाबांचा जिवलग. एका दुपारी बाबांनी त्याच्या विमानाच्या शेपटीच्या तारा बदलल्या, शिट्टी त्यात बसला, विमान घराएवढं उंच गेलं आणि नाक खाली करून मैदानाच्या टोकाशी आदळलं. पेटलं. शिट्टी गेला. चौकशी झाली, पण शेपटी जळून कोळसा झालेली. कारण सांगता येत नाही असं कागदावर आलं आणि प्रकरण मिटलं. सगळ्यांचं मिटलं, बाबांचं नाही.

कारण त्या तारांत एक खोच होती. विमानाच्या पोटातून दोन्ही बाजूंना दोन-दोन तारा बाहेर यायच्या, एक वरच्या भोकातून, एक खालच्या, आणि शेपटीच्या हलत्या झडपेला जोडल्या जायच्या. झडपेला एक शिंग वर, एक खाली. वरच्या भोकातली तार खालच्या शिंगाला लावायची आणि खालची वरच्याला. म्हणजे दोन्ही तारा एकमेकींना तिरक्या ओलांडून जायच्या. सरळ लावल्या तर सगळं उलटं. पायलटने वर जायला दांडा ओढला की विमान खाली जाणार.

"मला स्वच्छ आठवतंय, मी तिरक्या लावल्या," बाबा म्हणायचे. "आणि अशी चूक होऊच शकत नाही. डोळे उघडे असलेल्या माणसाकडून नाही." एक्केचाळीस वर्षं हेच वाक्य. आई होती तेव्हा ते सुरू झालं की ती भांडी घासायला उठायची, भांडी घासून झालेली असली तरी. दातवालीने एकदाच तोंड उघडलं होतं, "त्यानेही उडायच्या आधी दांडा हलवून बघायला हवं होतं ना?" बाबा म्हणाले, "त्याचा माझ्यावर विश्वास होता." त्यानंतर तिने त्या विषयाचं नाव काढलं नाही.

तर बाबांना ते विमान हातात हवं होतं. का, ते तिला न विचारता कळलं. ती नाही म्हणू शकली नाही.

पाच महिने लागले. अहो, काय सांगावं, त्या विमानाने तिच्या नाकी नऊ आणले. खालचा पंख सहज बसला, पण वरचा पंख आठ खांबांवर एकाच वेळी टेकवायचा. सात बसले की आठवा सुटायचा, आठवा धरला की पहिले दोन आडवे. तीन रविवार त्यात गेले. चौथ्या रविवारी तिची ट्यूब पेटली. कामावरून तिने प्लास्टर आणलं, जबड्याचा साचा करतात तसा पंखांसाठी एक साचा ओतला, विमान त्यात उलटं झोपवलं आणि आठही खांब गुमान बसले. बाबांनी बोटं फिरवून बघितली आणि म्हणाले, "डावीकडचा पुढचा केसभर आत झुकलाय." केसभर! तिला वाटलं, विमान खिडकीतून उडवूनच द्यावं, एकदाचं.

पंखांच्या मधे ताणून लावायच्या दोऱ्यांचं तर विचारूच नका. खोक्यात दिलेला दोरा केसासारखा. ती लावायची, बाबा चाचपायचे, दोरा तुटायचा. पुन्हा लावला, पुन्हा तुटला. लोक असली विमानं काचेच्या कपाटात ठेवायला करतात, हिला हाताळण्यासाठी करायचं होतं. शेवटी दातांना लावतात ती बारीक पोलादी तार तिने कामावरून आणली आणि चाळीसच्या वर तुकडे कापून एकेक बसवला. बाबा शेजारी बसून सूचना सोडायचे, ही आधी, ती नंतर, फार ताणू नकोस. कामावर डॉक्टरांचं ऐका, घरी यांचं ऐका. हूं नाही की चूं नाही, ती करत राहिली.

राहिली शेपटी. आणि शेपटीच्या वेळी बाबांनी खुर्ची मागे सरकवली. "तुझं तू कर," म्हणाले. "कागदावर चित्र असेल. मला झाल्यावर दे."

त्या शनिवारी कामावर दोघी जणी आल्याच नव्हत्या. तिने एकटीने अकरा कवळ्या पुऱ्या केल्या, दिवसभर उभ्याने. घरी येऊन भात लावला आणि तो होईतोवर शेपटी उरकून टाकू म्हणून बसली. चित्र बघितलं, चार तुकडे कापले, चिमट्याने धरले, चिकटवले. कुकरची शिट्टी व्हायच्या आत काम झालं. तिला बरं वाटलं. संपलं एकदाचं.

रविवारी धुणं वाळत घालून आली, टेबल पुसायला म्हणून विमान उचललं, आणि तिचं लक्ष शेपटीकडे गेलं. चारही तारा सरळ होत्या. वरची वर, खालची खाली, कशा शिस्तीत, डोळ्यांना गोड वाटाव्यात अशा.  सगळी हकिगत हजार वेळा ऐकलेली ती, चित्र समोर ठेवून बसलेली ती, आणि तिने नेमकं तेच केलं होतं.

"झालं ना?" बाबा खुर्चीतून म्हणाले. "आण इकडे."

"थांबा बाबा, चिकटलं नाही अजून नीट."

"काल लावलंस."

दहा मिनिटांचं काम होतं. कापायच्या, तिरक्या लावायच्या, आणि बाबांच्या हातात द्यायचं. अशी चूक होऊच शकत नाही, हे त्यांचं वाक्य शाबूत राहिलं असतं. त्या एका वाक्याच्या आधारावर तो माणूस एक्केचाळीस वर्षं उभा होता. तिने कटर उचललासुद्धा. पण खरं सांगायचं तर ती त्या वाक्यालाही कंटाळली होती. ते ऐकून ऐकून, त्याला मान हलवून हलवून तिच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. आणखी एक खोटं सांभाळायला माणसाकडे काहीतरी शिल्लक लागतं. तिने कटर खाली ठेवला आणि विमान बाबांच्या मांडीवर दिलं.

बाबांनी घाई केली नाही. पंखांवरून हात फिरवला, पोटावरून मागे नेला, वरचं भोक शोधलं. मग एक बोट तारेवरून शेपटीकडे चाललं. मधे दुसरी तार लागायला हवी होती. लागली नाही. बोट शिंगापर्यंत गेलं, थांबलं, परत भोकापाशी आलं आणि पुन्हा गेलं. मग विमान उलटं करून दुसरी बाजू.

"सरळ लावल्यास."

"हो."

"चित्र नव्हतं बघितलं?"

"बघितलं होतं. चांगलं समोर होतं." तिचा आवाज चढला, मग बसला. "दमले होते, बाबा. सरळ लावल्या आणि ते बरोबर वाटलं. छान दिसत होतं."

"छानच दिसतं ते," बाबा म्हणाले.

 ती खुर्चीच्या शेजारी जमिनीवरच बसली.

"मीही दमलो होतो गं," बाबा म्हणाले. हे तिने कधी ऐकलं नव्हतं. त्या दुपारचं ऊन तिला माहीत होतं, शेडमधलं तेल, शिट्टीच्या सदऱ्याचा रंगही माहीत होता. हे नव्हतं. "पहाटे चारपासून उभा होतो. दिवसातलं पाचवं विमान ते. तो बाहेर शीळ घालत होता, आटप लवकर म्हणत होता. हात आपोआप चालले होते. मला आठवत नाही. कुठली तार कुठे लावली, काही आठवत नाही. आठवतंय म्हणत आलो, ते खोटं."

तिला म्हणायचं होतं, नाही बाबा, तुम्ही बरोबरच लावल्या असणार. जिभेवर आलं होतं. पण त्यांच्या मांडीवर ते विमान होतं, आणि ते तिनेच जोडलेलं होतं.

"मग लावल्या असतील सरळ," ती म्हणाली.

"असतील," बाबा म्हणाले आणि रडायला लागले. आईच्या वेळी हा माणूस रडला नव्हता. आता मात्र हुंदके देऊन रडला, लहान मुलासारखा, नाक पुसायचंही भान नाही. दातवालीलाही आवरेना. तिला बापाची फार दया आली, आणि त्या शीळ घालणाऱ्या माणसाचीही आली, ज्याला तिने कधी पाहिलं नव्हतं. तिने पदराने आधी त्यांचं तोंड पुसलं, मग स्वतःचं.

बऱ्याच वेळाने ती उठली. विमान घ्यायला तिने हात घातला. "द्या बाबा. कापून नीट लावते आत्ताच."

बाबांनी विमान सोडलं नाही. दुसऱ्या हाताने त्यांनी तिचं मनगट चाचपलं आणि धरून ठेवलं. 

"आज नको," ते म्हणाले. "दमली आहेस तू. उद्या लाव, परवा लाव. इथे कुणी उडायला खोळंबलेलं नाही."