अप्पांची टांगती खाट

समुद्र न बघता समुद्रात राहिलेला माणूस अख्ख्या बीदर जिल्ह्यात एकच, आणि तो मैलूरला आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचा. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले आणि शिडाच्या जुन्या लढाऊ जहाजांच्या नादी लागले. तेही तोफाबिफा सोडून, जहाजावर अधिकारी झोपायचे कसे, एवढ्याच गोष्टीच्या. खलाशी झोळीत, अधिकारी टांगत्या खाटेत, हे त्यांनी इतक्यांदा ऐकवलं की सांगताना मी चुकलो तर माझी बायको दुरुस्त करायची.

शेवटी ताडपत्रीवाल्याला स्वतःच्या अंगाचं माप देऊन त्यांनी तशी खाट करून घेतली. लाकडी चौकट, जाड कापडाच्या चार भिंती, दोरांनी तुळईला टांगलेली. माप इतकं नेमकं की कूस बदलायची सोय नाही. सकाळी हवाई दलाची विमानं डोक्यावरून घरघरत गेली की अप्पा लगबगीने खाट सोडून आवरून ठेवत, कारण लढाईआधी जहाजावर खाटा आवरत असत. त्यांच्या बायकोला, अक्कांना, हसू आवरत नसे. त्या चिडायच्या एकाच गोष्टीवर. अधिकारी मेला तर त्याच खाटेत शिवून त्याला पाण्यात सोडत, आणि अप्पांचा हट्ट, मलाही असंच आडवं पुरा. लिंगायतांत तर मृताला मांडी घालून बसवून पुरतात.

"कामून असं बोलायलाव? आपल्यात कुणी झोपवून पुरतेत का?" अक्का म्हणायच्या.

"जन्मभर वर्गात उभा ऱ्हायलो. आता तरी पडू दे," अप्पा म्हणायचे.

गेल्या वर्षी त्यांचं हृदय थकलं. आडवं झालं की दम कोंडायचा. तीन महिने ते खुर्चीतच, उशीला टेकून झोपले. एकदा मी पाय दाबत असताना हळूच म्हणाले, "तिला सांग, हट्ट सोडला म्हून. बसून झोपायची सवय व्हायलीय आता." नेहमी त्यांची थट्टा करणारा मी, नुसता पाय दाबत राहिलो. अक्कांना निरोप दिला. त्या ऐकून आत निघून गेल्या.

आठवड्याने अप्पा गेले. त्यांना बसवायची तयारी झाली, विधी करणारे स्वामी आले, तेव्हा अक्का पुढे होऊन म्हणाल्या, "बसवायच्या आधी घडीभर झोपवा की त्यांना."

स्वामींनी होकारार्थी मान हलवली. आम्ही गादी घातली आणि अप्पांना हातपाय सैल सोडून आडवं केलं. मला रडू आवरेना. अक्का शेजारी बसून त्यांच्या अंगावरची चादर सारखी करत राहिल्या, आणि कोणीच घाई केली नाही.