रुख्माबाईची शीर

सालेकशाजवळच्या त्या गावात उपासाचा विषय निघाला की बायका रुख्माबाईचं नाव घेत. हरतालिकेची तीज ती निर्जळ धरायची, आणि तिचं निर्जळ म्हणजे खरोखरचं निर्जळ. दिवसभर धानाच्या बांधीत निंदण करून आली तरी घोटभर पाणी नाही. ती थुंकीसुद्धा गिळत नाही, असं तिची जाऊ सांगायची, आणि त्यात चेष्टेपेक्षा हेवाच जास्त असायचा. बाई पन्नाशी ओलांडलेली, अंगाने काटकुळी, बोलायला तोडून टाकणारी. नवरा सुखराम तिच्यापुढे फारसं बोलत नसे, आणि त्यावाचून त्याचं काही अडतही नसे.

अशा बाईला गोंदियाच्या डॉक्टरने सांगितलं की डाव्या मूत्रपिंडावर गाठ आहे. ती काढता येईल की नाही, हे सीटी स्कॅन केल्यावर कळणार होतं. शिरेतून औषध सोडून फोटो काढायचे, त्याशिवाय गाठ कुठवर पसरली ते नीट दिसत नाही. तारीख मिळाली. उपाशी या, एवढं सांगून काउंटरवरच्या माणसाने पुढच्याला हाक मारली.

पहिल्या खेपेला शीरच सापडली नाही. सालेकशाकडच्या माणसाला मलेरिया काही नवा नाही, आणि ताप आला की सलाईन लावल्याशिवाय आपल्याकडे कोणाला बरं वाटत नाही. रुख्माबाईने आयुष्यभरात इतक्या बाटल्या रिचवल्या होत्या, की दोन्ही कोपरांतल्या शिरा कडक होऊन बसल्या होत्या. उरलेल्या बारीक, सुई जवळ आली की बाजूला सरकणाऱ्या. टोचून टोचून हात निळा झाला, आणि शेवटी दुसरी तारीख देऊन तिला परत पाठवलं.

परतीच्या गाडीत तिने स्वतःशीच याचा छडा लावला. सकाळी स्टेशनवर सुखरामच्या आग्रहाने तिने अर्धा कप चहा घेतला होता. उपास तिथेच मोडला, मग सुई कशी लागेल? यावर शहाण्या माणसाला हसू येईल, येऊ द्या. पण दवाखान्यातलं उपाशी म्हणजे काय, हे तिला कोणी समजावलं होतं? तिला उपास माहीत होता, आणि तो तिच्याइतका कडक गावात कोणाला जमत नव्हता.

म्हणून दुसऱ्या खेपेला तिने आदल्या सांजेपासूनच तोंड बंद केलं. दिवस मे महिन्याचे. पॅसेंजर गाडीचा डबा तापलेला, ओठांना साली सुटलेल्या. सुखरामने पाण्याची बाटली पुढे केली तेव्हा तिने मान फिरवली आणि त्याच्याकडे असं बघितलं की त्याने बाटली पिशवीत खोल दडवून ठेवली.

स्कॅनच्या खोलीतल्या तरुण पोराने पट्टा बांधला, थापट्या मारल्या, दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले. या वेळी तर पहिल्याइतकंही काही दिसत नव्हतं. दोनतीनदा टोचून त्याने हात टेकले. आता नागपूरला जा, तिथे मानेतून नळी घालतील, असं तो म्हणाला. तो काही वाईट नव्हता, पण बाहेर रांग होती.

सुखरामने पिशवी उचलली. "चाल घरी. नसन नशिबात तं काय करतेस?"

रुख्माबाई बाकड्यावरून हलली नाही. तिला भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. एकदा घरी गेलो की रोवणीचे दिवस येतील, मग कापणी, मग हे माणूस नागपूरचं नावसुद्धा काढणार नाही, आणि गाठ आत वाढत राहील, हे तिला लख्ख दिसत होतं.

"तुमी जा," ती म्हणाली. "मी सुई लागल्याबिगर उठत नाही."

त्या पोराने वॉर्डातून प्रेमिला सिस्टरला बोलावून आणलं. सिस्टरने आधी सुई हातात घेतलीच नाही. तिने रुख्माबाईच्या मनगटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली.

"काकू, कल से पानी पिया क्या?"

"थेंब नाही," रुख्माबाई म्हणाली, आणि त्या अवस्थेतही तिच्या आवाजात ताठा होता. "तुमीच तं उपाशी बोलावलं."

सिस्टर स्टुलावर बसली. जेवायचं नव्हतं, पाणी चालत होतं, उलट प्यायलाच हवं होतं, हे तिने सावकाश सांगितलं. अंगात पाणीच नाही तर शिरा फुगणार कशाने?

"मंग पयलेच काऊन नाही सांगितलं?"

सांगायला पाहिजे होतं, एवढं सिस्टर म्हणाली, आणि डॉक्टरांना विचारून तिने स्कॅन दुपारवर ढकलला.

पहिला घोट रुख्माबाईच्या घशाखाली उतरेना. इतक्या वर्षांची सवय, उपासाच्या दिवशी पाणी म्हणजे तिला पापच वाटत होतं. डोळे भरून आले, रागाने की लाजेने ते तिचं तिलाही कळलं नाही. मग तिने पदराने तोंड पुसलं आणि ग्लासावर ग्लास रिचवायला सुरुवात केली. जो हट्ट उपासाला होता, तोच आता पाण्याला. सिस्टरने हात खाली सोडून बस, मूठ उघड-मीट कर असं सांगितलं होतं. तेवढ्याने तिचं समाधान होईना. हाताला ओढ बसून शीर फुगावी म्हणून तिने न्हाणीतली बादली अर्धी भरली आणि ती धरून व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागली. वॉचमन ओरडला. ती थांबली नाही.

दुपारी सिस्टरने हात गरम फडक्यात गुंडाळून ठेवला, पट्टा बांधला आणि डोळे मिटून बोट फिरवलं. कोपराच्या खाली, बाहेरच्या अंगाला ते थबकलं. "दिसत नाही, पण आहे," ती हळूच म्हणाली. रुख्माबाईने तोंड फिरवलं नाही. सुई आत गेली, नळीत रक्ताचा थेंब आला आणि सुखरामने भिंतीला पाठ टेकली.

यंत्रात औषध गेलं तशी सगळ्या अंगातून ऊब धावली. श्वास धरा म्हटल्यावर तिने असा धरला की सोडा म्हणून दोनदा सांगावं लागलं.

बाहेर आल्यावर सिस्टर कापूस घेऊन सुई काढायला आली. रुख्माबाईने दुसऱ्या हाताचा पंजा सुईवर ठेवला.

"नाही काढायची. पयले डाक्टरले विचार, गाठ काढतो का नाही. काढत असन तं आनखी शीर कुठून आनू मी?"

सिस्टर फोटो घेऊन गेली ती बऱ्याच वेळाने डॉक्टरांनाच घेऊन आली. गाठ मूत्रपिंडापुरतीच आहे, बाहेर पसरलेली नाही, निघेल, असं ते म्हणाले. आजच भरती झालात तर दोन दिवसांत करून टाकू. सुखराम म्हशींचं काहीतरी पुटपुटायला लागला. रुख्माबाईने त्याला गावी जाऊन म्हशींचं बघून लुगडी घेऊन यायला सांगितलं, आणि वॉर्ड कुठे आहे ते विचारलं. सुईवरचा पंजा तिने पलंगावर आडवी होईपर्यंत उचलला नाही.