देव वर घेतला

मला संधिवात झालाय हे डॉक्टरांच्या आधी मोदकांनी सांगितलं. संकष्टीला नेहमीसारखी उकड काढली, पारी केली आणि कळ्या पाडायला गेले तर बोटं मिटेचनात. लग्नाआधीपासून हा हात मोदकांवर बसलेला, सासूबाईंनीसुद्धा कधी नाव ठेवलं नव्हतं, आणि त्या दिवशी ताटात जे काही झालं त्याला मोदक म्हणायची मलाच लाज वाटली. मग मनगटं सुजली, मग गुडघे धरले. सकाळी अंथरुणातून उठायचं म्हणजे नाकी नऊ यायचे. शेजारणी म्हणायच्या, "अहो, चालायचंच, बाईच्या जातीला चुकलंय का?" माझी अजून पंचेचाळिशीही उलटली नव्हती. वाशीच्या डॉक्टरांनी मात्र तपासण्या केल्या, गोळ्या सुरू केल्या आणि स्पष्ट सांगितलं, "हा आजार एकदम जाणार नाही, पण आटोक्यात राहील. दमलात की विश्रांती घ्या, पण सांधे बसवून ठेवू नका. कोमट पाण्यात बोटं हलवा, हातांना काम असू द्या."

हे सगळं आमच्या ह्यांनी समोर बसून ऐकलं आणि त्यातली विश्रांती तेवढी घरी आणली. हे तळोज्याच्या कारखान्यात सुपरवायझर. माणूस देवासारखा, पण काळजी करायला लागला की समोरच्याला श्वास घेऊ देत नाही. "तू बस. तू कशाला हात लावू नकोस. टेन्शन घेऊ नकोस." मुलगी कॉलेजात, तिनं लाटणं काढून घेतलं. यांनी विळी माळ्यावर टाकली. आणि सगळ्यात जिव्हारी लागलं ते म्हणजे देवपूजाही गेली. आमचे देव स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जमिनीवर, पाटावर. मला खाली बसता येत नव्हतं, बसलेच तर दोघांनी धरून उठवावं लागे. म्हणून मुलगी घाईघाईनं दोन फुलं वाहून बस पकडायला पळायची आणि मी खुर्चीत बसून लांबून हात जोडायची. खुर्चीत बसून देवाला नमस्कार! माझ्या आईनं पाहिलं असतं तर काय म्हणाली असती, हा विचार रोज यायचा. मी गणरायाशी भांडायचे. बाबा रे, इतकी वर्षं या हातांनी तुझं केलं, तुला दुसऱ्या कुणाचे हात सापडले नाहीत? उत्तर यायचं नाही. हळूहळू मी विचारायचंही सोडलं.

श्रावणात यांनी विषय काढला. नेरूळला घर घेतलं तेव्हा गणपती आणायचा हट्ट माझाच होता. तोवर तो गावी भाऊजींकडेच बसायचा. आता ह्यांचं म्हणणं, यंदापासून तो पुन्हा भाऊजींकडेच जाऊ दे. "तुला बसवत नाही, वाकवत नाही, मोदक होत नाहीत. ओढाताण कशाला?" एक शब्द खोटा नव्हता, म्हणूनच तोंडात मारल्यासारखं झालं. पण एकदा दुसऱ्या घरी दिलेला गणपती कुणी परत मागत नाही, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. आमचा गणपतीचा पाट आषाढातच तळवलीला मूर्तिकारांकडे पोचला होता. आमच्याकडची रीतच तशी, घरचा पाट आधी नेऊन द्यायचा आणि मूर्ती त्याच पाटावर घडवायची. तो पाट परत आणायचा म्हणजे देवाला येऊ नको म्हणून सांगायचं. हे म्हणाले, मी रविवारी जाऊन येतो. मी म्हटलं, "मुळीच नाही. मी बोलावलं होतं, नको म्हणायचं तर ते माझ्याच तोंडानं म्हणेन."

दुसऱ्या दिवशी हे कामावर गेल्यावर निघाले. ठाण्याच्या बसमधून तळवलीला उतरले तेव्हाच गुडघे बोलायला लागले होते. मूर्तींचा कारखाना म्हणजे मूर्तिकारांच्या घराची पडवी. तिला चढायला एकच दगडी पायरी, पण ती चांगली गुडघ्याएवढी उंच. एक पाय वर ठेवला आणि दुसरा उचलेना. ना वर जाता येई ना खाली उतरता. भर दुपारी अनोळखी दारात मी खांब धरून उभी, आणि इतके दिवस कोंडलेलं रडू तिथंच फुटलं. मनात म्हटलं, आता तूच बघ रे, माझ्याच्यानं काही होत नाही.

"ए बाय, थांब. पाय टाकू नको. हात नको देवू, माज्या खांद्याव भार टाक." काठी टेकत एक म्हातारी बाई पुढं आली. मूर्तिकारांची आई. तिनं माझ्या बोटांना हातच लावला नाही. काखेखालून खांदा दिला, मला खाली उतरवून बाजूच्या दारानं आत नेलं आणि खाटेवर बसवलं. बसताना गुडघ्यातून कळ आली नाही याचंच मला नवल वाटलं. बघते तर खाटेच्या पायांखाली विटा लावून ती उंच केलेली. उठताना धरायला आढ्यातून दोर सोडलेला. चूल ओट्यावर. आणि देव भिंतीतल्या फळीवर, उभ्या माणसाच्या छातीशी.

मला बघत बसलेली पाहून मावशी हसली. "माजी सास जलमभर मिठागरात राबली. गुडगं गेलं तिचं, भुईव बसाला येत नव्हता. देवाला हात पोचत नाय म्हनून रडाची. मंग सासऱ्यानी देव वर घेतला. चूल वर घेतली. आता माजं पन तसंच झालंय, तवा कामाला येतंय."

"पण मावशी, देव वर आणि आपण उभ्यानं पूजा, चालतं?"

"तो काय बोलला का तुला, वाकच म्हनून?"

मी आल्याचं कारण सांगितलं. ती मला पडवीत घेऊन गेली, आतल्या बाजूनं, जिथं पायरी नव्हती. ओळीनं मूर्ती वाळत होत्या. आमचा पाट मी लगेच ओळखला, त्याचा एक कोपरा उडालेला आहे. त्यावर शाडूचा गणपती मांडी घालून बसला होता. रंग नाही, डोळे अजून उघडायचे होते. "ने तुजा पाट," मावशी म्हणाली. "पन आदी त्याला उटव. माज्यानं तर नाय होवाचा."

मी त्या न उघडलेल्या डोळ्यांकडे बघत राहिले. मी नाही म्हणायला आले होते आणि हा आधीच येऊन बसला होता. याला कुणी काहीही म्हणो. मूर्तिकार रोजचं काम करतात, त्यांनी वेळेत मूर्ती केली, एवढंच. पण माझ्या तोंडून शब्द निघाला तो एवढाच, "मावशी, याला येऊ दे."

संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं. मी एकटी गेले म्हणून आधी चिडले. मी म्हटलं, "अहो, माझी कामं काढून घेऊ नका. ती फक्त माझ्या हाताला येतील अशी ठेवा." रविवारी हे सुताराला घेऊन आले. देवांना ओट्यालगत उंच फळी झाली. पलंगाखाली ठोकळे लागले. नळाच्या चाव्या बदलल्या, माझ्या मनगटानं फिरतील अशा. मी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हे औषधाच्या जोडीचं काम झालं बघा." गोळ्या चालूच होत्या, दुखणंही होतं. पण रोज सकाळी कोमट पाण्यात बोटं हलवून मी उभ्यानं देवांना गंध लावू लागले. हळूहळू भांडणही पुन्हा सुरू झालं, म्हणजे बोलणं सुरू झालं.

चतुर्थीला गणपती जेवणाच्या टेबलावर बसला. मी उंच स्टुलावर बसून प्रतिष्ठापना सांभाळली. कळ्या मला पडणार नव्हत्याच, त्या मुलीनं पाडल्या, वेड्यावाकड्या. उकड मात्र मी मळली. गरमगरम उकडीत हात घातले आणि ती ऊब बोटांच्या पेरांत शिरली, तेव्हा डॉक्टर रोज करायला सांगत होते तो व्यायाम हाच, हे लक्षात येऊन मला हसू आलं. हे म्हणाले, "मोदक कमी, लाडू जास्त दिसतात." मी म्हटलं, "खायचे तर खा, नाहीतर गावी भाऊजींकडे जा."

दुसऱ्या दिवशी, विसर्जनाआधी, मूर्तिकार आईला घेऊन आले. मी आवर्जून बोलावलं होतं. मावशी काठी टेकत टेबलापाशी आली. मग काठी माझ्याकडे देऊन तिनं वाकडा हात पुढे केला आणि गणपतीच्या पावलांवर ठेवला. बराच वेळ काढला नाही.

"सगल्यांकडं लांबनंच पाया पडते गो मी," ती म्हणाली. "इथं पोचला हात."

इतकी वर्षं शरण जायचं म्हणजे वाकायचं, असं मी धरून चालले होते. वाकता येईना तेव्हा वाटलं, आपलं दारच बंद झालं. त्या दुपारी पायरीवर अडकून "माझ्याच्यानं होत नाही" म्हटलं, तेव्हा कुठं कुणाला तरी खांदा देता आला. माझी बोटं आजही पूर्ण मिटत नाहीत, आणि देव आजही वरच आहेत. खाली बसता न येणारं कुणी घरी आलं की मी त्यांना आधी फळीपाशी नेते. म्हणते, हात पुढे करा, पोचतो.