विसाव्या सामन्याची नोंद

ह्यांच्या वहीतलं एक पान मी चुकीचं उतरवून दिलं. ज्यांना दिलं त्यांना चूक दिसत होती, पण जवळजवळ तीन वर्षं ते काही बोलले नाहीत. त्याबद्दल लिहायचं म्हणून कितीदा तरी बसले आणि उठले.

वही म्हणजे जहाजाच्या इंजिनरूममधलं कोरं राहिलेलं लॉगबुक. हे मरीन इंजिनियर होते. सिंगापूरला आलो तेव्हा बोटीवर जाणं थांबलं होतं आणि फेरी टर्मिनलजवळच्या एका ऑफिसातून ते जहाजांची दुरुस्ती पाहायचे. लॉगबुकाची शिस्त मात्र घरातही सुटली नाही. लिहिलेलं खोडरबराने पुसायचं नाही, गिरवून काळं करायचं नाही. चुकलं तर त्यावर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. मग वर बरोबर काय ते लिहून सही करायची. वाणसामानाच्या यादीतही हे तसंच करत.

त्या वहीत बेसबॉलचे विक्रम होते. पुण्यात क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला हा नाद लागला जपानमध्ये. हे फोर्थ इंजिनियर असताना त्यांचं जहाज हिरोशिमाजवळच्या एका गोदीत काही आठवडे दुरुस्तीला होतं. गोदीतला फोरमन ह्यांच्यापेक्षा थोडा मोठा, मोडकंतोडकं इंग्रजी बोलणारा. दर रविवारी तो ह्यांना मैदानावर घेऊन जाई. चेंडू टोलवून बेसवर, म्हणजे मैदानातल्या ठरलेल्या टप्प्यावर, सुखरूप पोचलं की ती हिट. दहा वेळा खेळायला येऊन ज्याला तीन हिट मिळतात तो तिथे थोर फलंदाज. सात वेळा फसूनही थोर, हे ह्यांना फार आवडलं होतं. पुढे प्रत्येक बंदरात वर्तमानपत्रं चाळून हे वहीत भर घालत राहिले. सर्वांत आवडती नोंद सलग सामन्यांची. प्रत्येक सामन्यात निदान एक हिट मिळालीच पाहिजे, एक दिवस कोरा गेला की मालिका संपली आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात.

अमेरिकेतल्या आणि जपानमधल्या मोठमोठ्या खेळाडूंच्या मध्ये एक पान एका चौदा वर्षांच्या मुलाचं होतं. तो फोरमनचा थोरला भाऊ. युद्धामुळे शाळेतला खेळ बंद पडला होता, म्हणून मुलं नदीकाठी फाटक्या चेंडूने खेळत आणि धाकटा भाऊ घराच्या भिंतीवर कोळशाने हिशेब मांडे. एकोणीस सामने, प्रत्येकात हिट. नंतर धाकट्याच्या शाळेतल्या मुलांना शहराबाहेर खेड्यात हलवायचं ठरलं. तो निघताना थोरला म्हणाला, तू परत आलास की पुढचा सामना, हिशेबनिसाशिवाय मी खेळणार नाही. ऑगस्टमधल्या त्या सकाळी थोरला शाळेतल्या मुलांबरोबर शहरात, हवाई हल्ल्याची आग पसरू नये म्हणून घरं पाडायच्या कामावर होता. भिंत गेली आणि भाऊही गेला. फोरमनने सगळे सामने तोंडपाठ सांगितले आणि ह्यांनी ते डॉकमधल्या जहाजावर बसून लिहून घेतले.

पंचाण्णव साली हे नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा फोरमनचं पत्र आलं. त्या वर्षी बॉम्बला पन्नास वर्षं झाली म्हणून सिंगापूरची वर्तमानपत्रंही त्याच विषयाने भरलेली असत. पत्र फोरमनच्या मुलीच्या हातचं होतं, शब्द फोरमनचे. विसरायला होतं आहे, सामन्यांचा क्रम लागत नाही, भिंतीवरचं जे होतं ते आता जगात फक्त तुमच्या वहीत आहे. देवघरात भावाचा फोटो आहे, त्याच्याशेजारी ते पान ठेवायचं आहे.

ह्यांनी पत्र दोनदा वाचलं. म्हणाले, "माझा हात थरथरतो. तू उतरवून दे. जसं आहे तसं उतरव."

मी हो म्हटलं. पुढच्याच महिन्यात हे गेले.

दिवसकार्य आटोपून पुण्याची माणसं परत गेली आणि मी वही काढली. आमच्या खालच्या मजल्यावर एक चिनी आंटी राहत. ह्यांना त्या 'चीफ' म्हणत आणि मला 'मिसेस चीफ'. हे त्यांना चिडवत, आंटी, तुमच्या सूपने माझं इंजिन गंजेल. त्या इथल्या बोलीतला 'लाह' शेवटी जोडून म्हणत, तुझं इंजिन आधीच भंगार आहे, लाह. हे गेल्यावरही त्यांचं सूप यायचं थांबलं नाही. त्या दुपारी त्या भांडं घेऊन आल्या आणि मी काय लिहिते आहे ते त्यांनी विचारलं. मी सरळ सांगितलं, हिरोशिमाचा एक मुलगा, बॉम्बमध्ये गेलेला.

आंटींनी भांड्यावरचं झाकण उचललं. मग त्यांच्या नेहमीच्या, बाजारभाव सांगावेत तशा आवाजात बोलू लागल्या. त्या नऊ वर्षांच्या होत्या. बेचाळीस साली जपानी सैन्य सिंगापुरात आलं आणि तपासणीसाठी चिनी पुरुषांनी जमायचं असा हुकूम निघाला. वडिलांनी टॉवेल घेतला, दोन दिवसांचं खाणं घेतलं आणि ते लॉरीत चढले. कुठल्या किनाऱ्यावर नेलं, कधी मारलं, कुणालाच कळलं नाही. आई कित्येक महिने त्यांचा भात बाजूला काढून ठेवत होती.

"त्या मुलाला तारीख आहे," आंटी म्हणाल्या. "वेळसुद्धा आहे, सव्वाआठ. माझ्या बापाला साधा वारही नाही. तो बॉम्ब पडला म्हणून मी जगले, मिसेस चीफ. पेपरात काय वाटेल ते लिहू दे."

झाकण ठेवून त्या गेल्या.

मी पुन्हा पानाकडे वळले. वही मराठीत होती आणि मी सोप्या इंग्रजीत उतरवत होते. एकोणीस ओळी झाल्या. विसाव्या, म्हणजे धाकटा खेड्यात जाण्याआधीच्या शेवटच्या सामन्याच्या ओळीत हिटच्या रकान्यात काहीच नव्हतं. पुढे लिहिलं होतं, चारही वेळा बाहेरचे चेंडू, फुकट बेस. म्हणजे समोरच्या मुलांनी त्याला घाबरून मुद्दाम लांब चेंडू टाकले, तसे चार पडले की फलंदाज चालत बेसवर जातो. आणि शेवटच्या रकान्यात, मालिकेचं काय झालं तिथे, ह्यांनी लिहिलं होतं: चालू.

लग्नाआधी मी पुण्यात एका छापखान्यात मुद्रितं तपासत असे. दुसऱ्याची चूक दिसली की हात आपोआप उठतो. विसाव्या सामन्यात हिट नाही, तर मालिका चालू कशी? बॅटमधून धाव निघाली नाही तर नावापुढे शून्य लागतं, वाइडच्या धावा फलंदाजाच्या खात्यात जात नाहीत, एवढं क्रिकेट मलाही येत होतं. मी लिहिलं, एकोणिसाव्या सामन्यानंतर संपली. खाली ह्यांचं नाव घातलं, कारण नोंद ह्यांची होती. दुसऱ्या दिवशी पान पोस्टात टाकलं. महिन्याभरात चार ओळींचं उत्तर आलं. आभार, पान फोटोशेजारी ठेवलं आहे.

अठ्ठ्याण्णव साली अमेरिकेत एका मोसमातल्या होमरनचा जुना विक्रम मोडला, त्याच्या बातम्या आमच्याकडेही येत होत्या. मी बुकित तिमाह भागातल्या एका शाळेत ग्रंथपाल होते. मुलं बेसबॉलचं पुस्तक मागू लागली म्हणून एक मागवलं आणि नोंद करण्यापूर्वी सवयीने चाळलं. शेवटी विक्रम कसे मोजतात त्याचे नियम होते. एखाद्या सामन्यात फलंदाजाला प्रत्येक वेळी बाहेरच्या चेंडूंवर बेस मिळाला, तर तो सामना सलग मालिकेत धरत नाहीत. मालिका तुटत नाही. त्याला मारण्याजोगा चेंडूच दिलेला नसतो.

घरी येऊन मी वही काढली आणि विसावी ओळ पुन्हा वाचली. ह्यांनी बरोबर लिहिलं होतं.

अजाणतेपणी झालं, असं स्वतःला सांगून पाहिलं. पण तीस वर्षं लॉग लिहिलेला माणूस 'चालू' हा शब्द उगाच लिहिणार नाही, हे मला त्या दुपारीही माहीत होतं. दोन ओळी टाकून फोरमनना विचारता आलं असतं. विचारलं नाही. आंटींचा आवाज कानात होता आणि 'संपली' लिहिताना मला कुठेतरी बरं वाटलं होतं. मुलाचं काहीतरी साध्या कारणाने, बॉम्बच्या आधीच संपलेलं असावं. जगाने जपान्यांचं सगळंच अपुरं राहिलं म्हणून हळहळू नये. चौदा वर्षांच्या पोराबद्दल मी असा विचार केला, तोही ह्यांना जाऊन महिना होत नाही तोवर.

मी फोरमनना नियमाबद्दल लिहिलं आणि पान दुरुस्तीसाठी परत मागितलं. पान आलं. सोबत मुलीने उतरवलेलं पत्र होतं.

"नियम मला ठाऊक होता. तुमच्या यजमानांना तो मीच सांगितला होता. पण मला वाटलं, सिंगापूरला इतकी वर्षं राहून त्यांचं मत बदललं. आमच्या सैन्याने तिथे काय केलं ते त्यांनी तिथल्या माणसांकडून ऐकलं असेल. अशा माणसाने संपली म्हटलं, तर मी हरकत कोणत्या तोंडाने घेऊ? तेव्हापासून दर ऑगस्टला भावाला सांगतो, तुझी मालिका संपली होती."

ह्यांनी कधीच न दिलेला निवाडा मी ह्यांच्या नावावर लावला होता, आणि तो खोडायला हे नव्हते.

मी टेबलावर पान घेऊन बसले होते तेव्हा आंटी आल्या. ह्या वेळी मी त्यांना सगळं सांगितलं, त्यांचं बोलणं मनात ठेवून मी काय लिहिलं तेही. त्या खुर्ची ओढून बसल्या.

"वय काय होतं?"

"चौदा."

"चांगला खेळायचा?"

"त्याला बाद करता येईना म्हणून लांब चेंडू टाकायचे."

त्या थोड्या हसल्यासारख्या झाल्या. मग पानावर बोट ठेवून म्हणाल्या, "मग नीट लिही, लाह. आणि तुझी चूक माझ्या बापाच्या नावावर ढकलू नकोस."

मी 'संपली' वर एकच सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. वर लिहिलं, चालू. सही माझी केली. सोबतच्या पत्रात लिहिलं की ह्यांच्या वहीत पहिल्यापासून हेच आहे, मत बदललं नव्हतं, चूक माझी. मी पाकीट चिकटवेपर्यंत आंटींनी वाट पाहिली. जाताना दारात त्यांनी विचारलं, आणि माझ्या बापाचं कुठे लिहिलंय? त्या जिना उतरून गेल्या.

त्या वर्षअखेरीला फोरमनच्या मुलीचं पत्र आलं. वडिलांना आता माणसं नीट ओळखू येत नाहीत. तरी पान हातात देऊन तिने शेवटचा रकाना वाचून दाखवला. त्यांनी तो पुन्हा वाचायला लावला आणि विचारलं, मग पुढचा सामना कधी आहे?

आंटींचं सूप अजून येतं. हे पत्र मी त्यांना दाखवलेलं नाही.