भाऊ सिरियस आहे

हॉस्पिटलच्या फोनवर बसणाऱ्या ताईंचा आवाज असा, की ऐकणाऱ्याला वाटावं, या बाईला जगात कसली घाई म्हणून नाही. त्या आवाजामुळेच त्यांना ती खुर्ची मिळाली होती. कुठले डॉक्टर कधी येणार, कोण पेशंट कुठल्या मजल्यावर, हे कुणीही सांगितलं असतं. पण वॉर्डातून सिस्टरचा निरोप आला की नातेवाइकांना फोन लावायचा आणि म्हणायचं, "तुमचा पेशंट सिरियस आहे, लगेच निघा." हे काम कुणालाच नको असे. ताईंनी ते वर्षानुवर्षं केलं. सुरुवातीला फोन ठेवल्यावर त्या उठून व्हरांड्यात एक फेरी मारून यायच्या. पुढे पुढे नुसता घसा कोरडा पडायचा आणि दोन घोट पाण्यावर भागायचं.

एका गोष्टीचं मात्र त्यांना नेहमी नवल वाटे. लोक पुढचं ऐकूनच घेत नसत. काय झालंय, कुठल्या मजल्यावर यायचं, काही विचारत नसत. 'सिरियस' कानावर पडलं की फोन बंद.

"अहो, पुरतं ऐका तरी!" ताई मुक्या फोनला म्हणत.

घरी मात्र हा शब्द त्या वेगळ्याच कामासाठी वापरत. आई लवकर गेली तेव्हा ताई कॉलेजात होत्या आणि धाकटा भाऊ नुकता शाळेत जाऊ लागला होता. त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून सगळं ताईंनीच केलं. आणि हा निघाला एक नंबरचा टवाळ. गल्लीत त्याचं नावच पडलं मस्कऱ्या. शाळेत त्याने हेडमास्तरांच्या खोकल्याची नक्कल केली आणि अख्खा वर्ग बाहेर उभा राहिला. पहिल्या नोकरीत मालकाच्या चालण्याची केली, आणि नेमका मालक मागे. दुसरी नोकरी का गेली हे त्याने कधी धड सांगितलं नाही. प्रत्येक वेळी निराळी गोष्ट सांगून हसवलं.

"जरा सिरियस हो रे," ताई डोकं धरून म्हणत. "आयुष्यात एकदा तरी सिरियस हो!"

मग तो डोळे पांढरे करून खुर्चीत मान टाकायचा. "झालो बघ. तुझ्या हॉस्पिटलात खाट मिळेल का?"

ताई लाटणं घेऊन मागे धावत आणि धावता धावता हसू लागत.

शेवटी दुसऱ्या गावात, लाकडी खुर्च्या बनवणाऱ्या एका कारखान्यात तो टिकला. हात चांगला होता. कारखान्याचे मिस्त्री म्हातारे आणि मायाळू. त्यांना करमणूक हवीच होती. चाळिशी उलटली तरी मस्कऱ्या लग्नाचं नाव काढत नव्हता. ताईंनी तो विषय सोडून दिला होता.

एका दुपारी ताईंचा मोबाइल वाजला. मागे करवतीचं यंत्र घरघरत होतं आणि त्यावरून मिस्त्री ओरडत होते.

"ताई, तुमचा भाऊ एकदम सिरियस झालाय बघा! तुम्ही मोठ्या, तुम्ही येऊन–"

ताईंनी फोन बंद केला.

आपण काय केलं हे त्यांना हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर आल्यावर कळलं. परत फोन लावला, तर मिस्त्री उचलेनात. त्या यंत्राच्या आवाजात त्यांना काय ऐकू जाणार? भावाचा मोबाइल तर गेल्या आठवड्यात सरसाच्या डब्यात पडून कायमचा चिकटला होता. यजमानांना कळवलं तेव्हा ते म्हणाले, "थांब, मी येतो." पण थांबायचं कसं? समोर बस उभी होती. ताई चढल्या.

बसमध्ये त्यांनी खिडकीची दांडी धरली ती सोडली नाही. यंत्रात हात गेला असेल का? की छातीत कळ आली? पण खरं सांगायचं तर ताईंना दुसरंच काहीतरी खात होतं. एकदा तरी सिरियस हो, एकदा तरी सिरियस हो. हे आपण किती वेळा म्हटलं त्या पोराला! आपल्याच तोंडाने! शेजारच्या बाईने विचारलं, "बरं वाटत नाही का?" ताईंनी मान हलवली, पण हो की नाही, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

कारखान्याच्या दाराशी गर्दी नव्हती. ताईंना त्याचीच धास्ती वाटली. म्हणजे हलवला असणार. त्या आत शिरल्या आणि जागीच थबकल्या.

मस्कऱ्या खिडकीजवळ बसून खुर्चीचा पाय पॉलिश पेपरने घासत होता. धडधाकट. शर्टाला इस्त्री, भांग पाडलेला. तोंड मात्र शिवल्यासारखं मिटलेलं.

"ताई? तू इथे कशी?"

ताई धावत त्याच्यापाशी गेल्या. त्याचे दोन्ही हात उलटसुलट करून बोटं मोजली, कपाळाला हात लावला, आणि मग खाडकन त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. पाठोपाठ त्या लाकडाच्या भुशाच्या ढिगावर बसल्या आणि ओक्साबोक्शी रडू लागल्या.

मिस्त्रींनी धावत जाऊन यंत्र बंद केलं. "अहो ताई, काय झालं?"

"तुम्हीच म्हणालात ना, सिरियस आहे!"

"आहेच की! महिना झाला, हसत नाही, कुणाची नक्कल नाही. मी मुद्दाम त्याच्यासमोर खोकलो, तरी ढिम्म. त्या वेत विणणाऱ्या बाईंच्या बाबतीत सिरियस आहे तो. लग्नाचं म्हणतोय!"

"मग असं फोनवर सांगतात?"

"सांगतच होतो हो. तुम्हीच मध्ये बंद केलात."

ताईंना एकदम हसू फुटलं. डोळ्यांतून पाणी, तोंडात हसू, केसांत भुसा. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून नेला होता आणि आता श्वास घेता घेता पुरत नव्हता. मस्कऱ्या बहिणीच्या डोक्यातला भुसा झटकत होता.

वेत विणणारी पलीकडच्या खोलीत काम करी. चाळिशीच्या आसपासची, कमी बोलणारी, खुर्चीची बैठक ओल्या वेताने अशी ताणून विणणारी की वर टाकलेलं नाणं उडावं. ताई तिच्याकडे एकट्याच गेल्या.

"मला ते आवडतात," ती हातातला वेत न सोडता म्हणाली. "पण त्यांनी विचारलं तेव्हा सगळे हसले. मला कळेचना, खरं बोलताहेत की माझी थट्टा करताहेत. म्हटलं, थट्टा सुटली की विचारा. तर तेव्हापासून गप्पच झालेत. हेही नाटक असलं तर?"

"तो सिरियस आहे," ताई म्हणाल्या, आणि हे शब्द बोलताना त्यांचा घसा आयुष्यात पहिल्यांदा कोरडा पडला नाही. "थट्टा करताना त्याला कधी घाम येत नाही. खरं बोलायची वेळ आली की धारा लागतात. परीक्षेच्या निकालाला असाच भिजायचा. या, बघा."

दोघी दारात आल्या. मस्कऱ्याचा इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता.

वेत विणणारीने त्या भिजलेल्या पाठीकडे नीट पाहून घेतलं. "पुसा तो घाम," ती म्हणाली. "आणि उद्यापासून पूर्वीसारखं बोला. या खोलीत फार शांत झालंय हो, काम होत नाही."

मस्कऱ्या दोन्ही हातांनी घाम पुसू लागला. मिस्त्रींनी त्याच्याऐवजी टाळी वाजवली.

ताईंना मग एकदम पाय दुखताहेत हे जाणवलं. कुणीतरी नवीकोरी खुर्ची पुढे सरकवली. त्यांनी चपला काढल्या, पाठ टेकली, घरी फोन लावला आणि यजमानांना म्हणाल्या, "सगळं ठीक आहे. आधी पुरतं ऐका, मग ठेवा." मग भावाकडे वळून म्हणाल्या, "आता चहा तरी पाज रे. सकाळपासून पोटात काही नाही."

तो चहा आणायला धावला तो मिस्त्रींसाठी आणि वेत विणणारीसाठी दोन पेले जास्तच घेऊन आला.