ड्युटीआधीची गोळी

अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर होते. उभ्या नोकरीत एक ड्युटी चुकवली नाही, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. निवृत्तीनंतर छातीत पेसमेकर बसला, मग किडन्या गेल्या आणि आठवड्यातून तीनदा गंगाखेडहून परभणीला डायलिसिसला जाणं आलं. त्यालाही ते ड्युटीच म्हणायचे. हाताची नस निकामी झाल्यावर मानेत नळी घातली होती, तिच्यातून रक्त मशीनवर जायचं.

दारातच सिस्टर ताप बघायची. ताप निघाला की आधी डॉक्टर, मग रक्ताच्या तपासण्या, आणि तोवर खाट दुसऱ्याला. एकदा आमचा नंबर असाच गेला. दोन दिवसांत अण्णांच्या अंगात पाणी चढलं. आडवं होता येईना, बसल्या जागी श्वास ओढत होते. ते बघून मी घाबरलो.

बाहेरच्या बाकावर एका पेशंटची बायको बसायची. तिनं मला शहाणं केलं. "निघायच्या आदी तापाची गोळी देत जावा की. आमी समदे तेच करायलाव."

मी शाळेत विज्ञान शिकवतो. ताप हा रोग नव्हे, रोगाची खूण आहे, हे दरवर्षी सातवीच्या फळ्यावर लिहितो. आणि तोच मी गोळी देऊ लागलो. चहा, दोन बिस्किटं, गोळी, की निघाली स्वारी. दारात ताप नसायचा. मशीन सुरू झालं की मात्र अण्णांना हुडहुडी भरायची.

"एसी लय लावायलेत हे लोक," ते कुरकुरायचे. मी घरून जाड चादर न्यायला लागलो. शिकलेल्या माणसाची अक्कल एवढीच चालली.

दोन महिन्यांनी ते एसटी स्टँडवरच कोसळले. नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. जंतू नळीतून रक्तात आणि रक्तातून पेसमेकरच्या तारेवर गेले होते. तार काढल्याशिवाय ते जाणार नाहीत, आणि ती काढणं या तब्येतीला झेपणार नाही. आता मशीनवर असताना इंजेक्शनं द्यायची, निघतील तेवढे दिवस काढायचे.

"ताप कधीपासून होता?" त्यांनी विचारलं.

"आठ दिवस झाले असतील," मी म्हणालो. शरमेनं मेल्यासारखं झालं, पण खरं तोंडातून निघालं नाही.

घरी आल्यावर शेजारचे काका भेटायला आले. अण्णा उशीला टेकून बसले होते. आवाज खोल गेला होता, तरी बढाई सुटली नव्हती. "दोन मैने ताप होता मला. पण पोरानं एक दिवस गोळी चुकवली न्हाई, म्हणून माझी ड्युटी चुकली न्हाई. मास्तर हाय ना, त्याला समदं कळतंय."

काकांनी माझ्या पाठीवर शाबासकीची थाप मारली. मी आत जाऊन मोरीत तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. अण्णांना मी कधीच काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डायलिसिसला न्यायला ठरवलेली जीप दारात आली. आता ताप सगळ्यांना ठाऊक होता, लपवायचं काही उरलं नव्हतं. अण्णांनी नेहमीसारखा हात पुढं केला.

"दे गोळी. टाइम झाला."

मी दिली.